गुडघ्याची गादी इंजेक्शनने परत येते का?

'डॉक्टर, जेलचे इंजेक्शन दिले की गुडघ्याची गादी नव्याने तयार होते म्हणे. मग ऑपरेशन कशाला?' गेल्या आठवड्यात एका शिक्षकांनी मला विचारले. सोबत त्यांच्या ६८ वर्षांच्या आई होत्या. कोणाच्या तरी सल्ल्यावरून इंजेक्शनांसाठी हातातल्या पाटल्या मोडायची आजींची तयारी झाली होती. एक्स-रे पाहिला. दोन्ही गुडघ्यांत मांडीचे हाड नडगीच्या हाडाला टेकले होते. हा प्रश्न अनेक जण विचारतात, म्हणून आज त्याविषयीच लिहितो.

आपण जिला गादी म्हणतो ती म्हणजे कूर्चा. हाडांच्या टोकांवरचा हा गुळगुळीत थर जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यात बहुतांश पाणीच असते. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. हात कापला तर रक्तातून दुरुस्तीचे सामान जखमेपर्यंत पोहोचते, इथे ते पोहोचत नाही. कूर्चेत नसाही नाहीत, त्यामुळे झीज सुरू झालेली आपल्याला कळतही नाही. नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते.

आता जेलविषयी. सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याभोवती बुळबुळीत आवरण फुगते. हायड्रोजेल हा असाच भरपूर पाणी धरून ठेवणारा पदार्थ. तो सुईतून पातळ स्वरूपात सोडतात. सांध्यात गेल्यावर शरीराच्या उष्णतेने, प्रकाशाने किंवा रासायनिक क्रियेने तो घट्ट होतो व खड्ड्याचा आकार घेतो. त्यात कूर्चेच्या पेशी मिसळता येतात. पेशींनी नवी कूर्चा विणावी आणि जेल हळूहळू विरून जावे, अशी कल्पना आहे. घर बांधताना परांची लावतात, तसाच हा प्रकार.

रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून गुडघ्यात बसवल्याचे स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेतील संशोधकांनी १५ रुग्णांच्या गुडघ्यांत प्रकाशाने घट्ट होणारे हायड्रोजेल वापरल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. सहा महिन्यांनी खड्डे चांगले भरलेले दिसले. परंतु वाचकहो, हे सारे उपचार मार पडून किंवा अन्य कारणाने एका ठरावीक जागी खड्डा पडलेल्या गुडघ्यांसाठी होते. भिंतीचा एखादा पोपडा निघाला तर गिलावा करता येतो. सगळी भिंतच खचली तर गिलाव्याचा उपयोग नाही.

आणखी एक गल्लत होते. दवाखान्यात 'जेल' म्हणून दिले जाणारे इंजेक्शन बहुधा हायलुरोनिक अॅसिडचे असते. ते वंगण आहे. काहींना त्याने काही महिने आराम पडतो, काहींना पडत नाही. त्याने गादी उगवत नाही.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. इंजेक्शनात नेमके काय आहे? माझ्या गुडघ्यात खड्डा आहे की सर्वत्र झीज? फायदा किती काळ टिकेल? उत्तरे स्पष्ट मिळाली नाहीत तर दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घ्या.

दरम्यान, बिनखर्चाचे उपाय सोडू नका. एक किलो वजन उतरले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करा, पाच अंक मोजेपर्यंत तसाच धरा व खाली आणा. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. उकिडवे बसणे टाळा.

आजींना मी व्यायाम शिकवला. त्यांची झीज पाहता पुढे सांधेबदल करावा लागेल, हेही सांगितले. त्यासाठी कोणत्या सरकारी योजनेतून मदत मिळते, याची चौकशी आता त्यांचे चिरंजीव करत आहेत. पाटल्या तूर्त आजींच्या हातातच आहेत.