शून्यं वगळता

सकाळी ८.३०. चहाच्या आधी रात्रीच्या जॉबची लॉग फाइल. आमचं कसोटीचं उदाहरण जुनंच: कोयना धरण आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. भिंतीचा उतार जिथे बदलतो तिथे तडे गेले होते. सॉल्व्हर म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम; तो लिहिणारे आपला कोड अजून त्या तड्यांवर तपासतात. बहुतेक जण भिंतीचा एक छेद घेऊन भागवतात. आम्ही अख्खी भिंत घेतलीय. अज्ञात राशी एक कोटी.

९.३०. टीममध्ये नवी आलेली मुलगी विचारते, "सर, एवढ्या राशींची मॅट्रिक्स मेमरीत मावते कशी?" पूर्ण मांडली तर मावणारच नाही, ८०० टेराबाइट लागतील. पण मेशमधला, म्हणजे भिंतीवर कल्पलेल्या जाळीतला, बिंदू फक्त शेजारच्या बिंदूंना ओढतो-ढकलतो. साध्या ब्रिक एलिमेंटच्या मेशमध्ये तो स्वतः धरून फार तर २७ बिंदू, प्रत्येकाच्या तीन दिशा, म्हणजे एका ओळीत ८१ आकडे. बाकी शून्यं, ती साठवायचीच नाहीत. तीन याद्या ठेवायच्या: आकडे, त्यांचे स्तंभ, आणि प्रत्येक ओळ कुठून सुरू होते ते. दहा गिगाबाइटच्या आत काम होतं.

११.००. मेशची वाटणी. मेटिस या वाटणीच्या प्रोग्रामला ५१२ तुकडे करायला सांगितले. तुकडे सारखे हवेत आणि त्यांच्या सीमा आखूड, कारण सीमेवरचे आकडे दर फेरीला शेजाऱ्याकडे पाठवावे लागतात.

१.००. जेवण, घाईत.

२.००. खरी डोकेदुखी आता. एका नोडवर ३२ ऐवजी ६४ कोअर लावले, वेळ जेमतेम घटला. मॅनेजरना वाटतं, प्रोसेसर कमी पडतोय. तो बिचारा रिकामाच बसलाय. मॅट्रिक्सच्या दर आकड्यामागे एक गुणाकार, एक बेरीज, आणि तेवढ्यासाठी मेमरीतून १२ बाइट आणायचे: आठ आकड्याचे, चार स्तंभक्रमांकाचे. गवंडी कितीही वाढवा, विटा एकाच जिन्याने वर येणार. त्यात समीकरणं सोडवायला आम्ही वापरतो ती कॉन्ज्युगेट ग्रेडियंट ही १९५२ ची पद्धत. तिला दर फेरीत सगळ्या तुकड्यांची मिळून बेरीज लागते, आणि तेव्हा सगळे सर्वांत संथ कोअरसाठी खोळंबतात.

४.३०. बिंदूंचे क्रमांक बदलून पाहिले. कटहिल-मकीची रीत, १९६९. मेशमधले शेजारी मेमरीतही जवळ आले की कॅशमध्ये आणलेलं पुन्हा वापरता येतं. वेळ खरोखर उतरला. म्हणजे नव्या यंत्राच्या खरेदीचा प्रस्ताव लांबणार. मॅनेजरचा चेहरा जरा पडला.

६.३०. नवा रन रांगेत टाकला. पुढे आमच्याच टीममधल्या एकाचा जॉब: दोन कोअरवर भागलं असतं, पण पठ्ठ्या पूर्ण नोड अडवून बसलाय. त्याला फोन लावतो.