संध्याकाळची चित्रशाळा

महाराष्ट्रात शाळा केलेल्या पुष्कळांची चित्रकला इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत संपते. आधी एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट, बी ग्रेडचं प्रमाणपत्र, आणि दहावीचं वर्ष आलं की रंगपेटी माळ्यावर. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, बंगळुरू. व्हाइटफील्डला किंवा सर्जापूर रस्त्यावर घर होतं, मुलं शाळेत जाऊ लागतात, आणि चाळिशीच्या आसपास कधीतरी मुलीच्या रंगांत बोट बुडवताना जुनी हौस डोकं वर काढते. मग सुरू होतो क्लासचा शोध.

या शोधात दोन गोष्टी लगेच सापडतात, आणि दोन्ही उपयोगाच्या नसतात. सोसायटीतला क्लास असतो सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी. तिथे आठ वर्षांच्या वर्गमित्राशेजारी बसून मोर रंगवायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. दुसरीकडे कॅफेमधल्या ‘पेंट अँड सिप’च्या संध्याकाळी असतात. हातात पेय, समोर कोरा कॅनव्हास, सामान त्यांचं, आणि सगळ्यांनी मिळून एकच चित्र गिरवायचं. मजा येते, यात शंका नाही. पण हजार-दोन हजार रुपयांत मिळते ती एक संध्याकाळ. तिला शिक्षण म्हणायचं कारण नाही, आणि ती भरवणारेही तसं म्हणत नाहीत.

या दोहोंच्या मधली जागा बंगळुरात आहे, आणि ती चांगली जुनी आहे.

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. बंगळुरात चित्रकला रुजवली ती मात्र ध्यास घेतलेल्या एकेकट्या माणसांनी. अ. न. सुब्बराव यांनी १९१९ साली ‘कलामंदिर’ ही शाळा काढली. १९६० साली कर्नाटक चित्रकला परिषद स्थापन झाली. कुमारकृपा रस्त्यावरच्या तिच्या हिरव्यागार आवारामागे एम. एस. नंजुंडराव यांची अनेक वर्षांची खटपट आहे. बदामीकडचे आर. एम. हडपद यांनी १९६८ साली ‘केन स्कूल ऑफ आर्ट’ सुरू केलं. पुढे जगभर नाव झालेल्या शीला गौडा याच शाळेत घडल्या. मराठी वाचकाला ही परंपरा परकी वाटायला नको. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी १९०८ मध्ये मुंबईत अशीच स्वतःची चित्रशाळा काढली होती. त्यांचं हातात समई घेतलेल्या तरुणीचं प्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. अनेकजण ते रविवर्म्याचं समजून पाहतात आणि तैलचित्र समजूनही. आहे ते जलरंगात. बंगळुरात राहून जलरंग शिकू पाहणाऱ्याने आधी म्हैसूरची ही एक फेरी करावीच.

उशिरा सुरुवात करणाऱ्यांना या शहराने एक पूर्वजही देऊन ठेवला आहे. रुमाले चन्नबसवय्या (१९१०–१९८८) तरुणपणी कलामंदिरात शिकले, पण स्वातंत्र्यचळवळीने ओढून घेतलं आणि ब्रश खाली राहिला. मग कन्नड वृत्तपत्राचं संपादन झालं, विधान परिषद झाली. १९६२ च्या सुमारास, पन्नाशी ओलांडल्यावर, हा गृहस्थ राजकारण सोडून पुन्हा रंगांकडे वळला आणि बंगळुरातली फुललेली झाडं, बागा आणि रस्ते उघड्यावर बसून रंगवत राहिला. गुलमोहर आणि नीलमोहर बहरात असतानाचं बंगळुरू ज्यांना आवडतं, त्यांनी रुमाल्यांची चित्रं जरूर शोधावीत. रवींद्रनाथ साठी ओलांडल्यावर गंभीरपणे चित्रांकडे वळले आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शन झालं, हे उदाहरण नेहमी दिलं जातं. पण रवींद्रनाथ म्हटलं की सामान्य माणूस दबतो. रुमाले जवळचे वाटतात, कारण त्यांनी सुटलेला धागा परत हातात घेतला.

आता क्लासचं आणि पैशांचं. चित्रकला परिषदेच्या आवारात दिवसाच्या महाविद्यालयाबरोबर संध्याकाळचं महाविद्यालयही चालतं. नोकरी करणाऱ्यांना सोयीचं ते हेच. प्रवेश कधी, अट काय, यंदाची फी किती, हे कार्यालयात जाऊनच विचारावं. जुन्या माहितीवर विसंबून राहू नये. संस्थेत शिकण्याचा फायदा असा की अभ्यासाला क्रम असतो: आधी रेषा आणि वस्तुचित्र, मग छायाप्रकाश, मग रंग. तोटाही तोच. ज्याला दोन महिन्यांत आईसाठी गणपती रंगवायचा आहे, त्याचा मातीच्या मडक्यांवर आणि ठोकळ्यांवर जीव रमत नाही.

खासगी क्लासची फी पाहताना महिन्याचा आकडा फसवा ठरतो. समजा, महिन्याला तीन हजार रुपये आणि चार रविवार दोन-दोन तास. म्हणजे आठ तास, तासाला ३७५ रुपये. पण क्लास शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि रिक्षा किंवा कॅबला जाऊन-येऊन आठशे रुपये पडत असतील, तर प्रवासाचे ३,२०० रुपये फीच्याही वर जातात आणि तास ७७५ ला पडतो. बंगळुरूच्या वाहतुकीत जाणारा वेळ यात धरलेलाच नाही. दुप्पट फीचा पण चालत जाण्याजोगा क्लास पुष्कळदा स्वस्त पडतो, आणि मुख्य म्हणजे पावसाळ्यातही चुकत नाही. मेट्रोच्या स्टेशनजवळचा क्लास मिळाला तर त्याहून बरं.

फी भरण्याआधी एक तास नुसतं बसून बघू देतात का, हे विचारावं. तेवढ्यात दोन गोष्टी कळतात. भिंतीवरची विद्यार्थ्यांची सगळी चित्रं एकाच हाताची वाटत असतील, तर तिथे चित्र गिरवून घेतलं जातं. आणि शिक्षक विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतःच ब्रश फिरवून चित्र ‘सुधारून’ देत असतील, तर घरी फ्रेम होईल, हात मात्र होता तिथेच राहील. कडेच्या वेगळ्या कागदावर करून दाखवणारा शिक्षक मिळाला, तर फी थोडी जास्त असली तरी सोडू नये.

सामानाच्या बाबतीत नवशिक्यांचा खर्च नेमका उलट होतो. इंपोर्टेड रंगांची मोठी पेटी येते आणि कागद येतो वहीतला. पातळ कागदावर पाणी पडलं की तो फुगतो, खळगे पडतात, रंग त्यात साचतो. मग माणसाला वाटतं, आपल्याला जमत नाही. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा कागद घ्यावा, हवं तर एका तावाचे चार तुकडे करावेत. रंग साधे चालतात. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या कॅमलिनचे, आता कोकुयो कॅमलिनचे, विद्यार्थ्यांसाठीचे ट्यूबमधले रंग पहिल्या वर्षाला पुरेसे आहेत. दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे आणि एक बर्न्ट सिएना एवढ्यात जवळजवळ सगळं जुळवता येतं. गोल ब्रश तीन, पॅलेट म्हणून पांढरी चिनी मातीची बशी. तैलरंगांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये: टर्पेंटाइनचा वास बंद फ्लॅटमध्ये कोंडतो, आणि चित्र वाळायला आठवडे लागतात. रंगांच्या जाड थराची हौस असेल तर ॲक्रिलिक बरे; फक्त ब्रश लगेच धुवायची शिस्त हवी, नाहीतर तो काठी होऊन बसतो.

फुकटात मिळणारं शिक्षणही या शहरात भरपूर आहे. सिॲटलच्या गॅब्रिएल कॅम्पानारियो यांनी २००७ साली सुरू केलेली ‘अर्बन स्केचर्स’ची कल्पना आज जगभर पसरली आहे: जागेवर बसायचं आणि दिसतं ते काढायचं. बंगळुरात त्याच रीतीने सुट्टीच्या दिवशी जमणारे गट आहेत. ‘पेन्सिलजॅम’ हे त्यातलं जुनं नाव. कब्बन पार्क, लालबाग, बाजाराचा एखादा कोपरा, अशा ठिकाणी मंडळी वही उघडून बसतात आणि शेवटी एकमेकांच्या वह्या पाहतात. इथे कोणी शिकवत नाही. पण शेजारच्याने तीच कमान तीन रेषांत कशी बसवली, हे बघून जे कळतं, ते पुस्तकात सापडायला वेळ लागतो. पुस्तकंच हवी असतील तर पुण्याच्या मिलिंद मुळीक यांची जलरंगावरची ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं आहेतच. मुळीकही मूळचे इंजिनिअरच, हे आयटीवाल्यांना धीर देणारं आहे.

पॅलेस रोडवरच्या माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये २००९ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा सुरू झाली. सिनेमाच्या मानाने तिकीट अगदीच किरकोळ. तिथे चित्रापासून हातभर अंतरावर उभं राहून ब्रश कुठे थांबला, खालचा रंग कुठे तसाच सोडला, हे पाहता येतं. व्याख्यानं आणि कार्यशाळाही होतात, त्यांवर लक्ष ठेवावं.

आणि क्लास सापडतच नसेल तर जानेवारीपर्यंत थांबावं. चित्रकला परिषद दरवर्षी ‘चित्रसंते’ भरवते. त्या दिवशी कुमारकृपा रस्ता वाहनांना बंद असतो आणि देशभरातले चित्रकार फुटपाथवर चित्रं मांडून बसतात. शंभर रुपयांच्या कागदी चित्रापासून लाखांच्या कॅनव्हासपर्यंत सगळं असतं. गर्दी दुपारनंतर आवरत नाही, म्हणून सकाळी लवकर जावं. ज्याचं काम आवडलं त्याच्यापाशी थांबून विचारावं, शिकवता का? यातले बरेच चित्रकार शहरातच राहतात आणि घरी चार-पाच मोठ्या माणसांचे वर्ग घेतात. पाटी लावत नाहीत, जाहिरात करत नाहीत. कन्नड येत नसलं तरी हिंदीत निभावतं. कार्ड मागून घ्यावं, आणि घरापासून किती लांब आहे तेही तिथेच विचारावं.