राबेल त्याचा कारखाना?

परवा एका गावी उसाच्या खोडवा व्यवस्थापनावर बोलायला गेलो होतो. चर्चा आटोपून चहा आला, तेव्हा कोपऱ्यातल्या आबांनी विचारले, "साहेब, कसेल त्याची जमीन, हे पटलं. मग राबेल त्याचा कारखाना का नको?"

मंडळी, प्रश्न साधा. पण यावर जगभरचे डावे विचारवंत वर्षानुवर्षे वाद घालत आले आहेत. युगोस्लाव्हियाने तर हा प्रयोग करूनच पाहिला.

रशियाशी बिनसल्यावर मार्शल टिटोंच्या सरकारने जून 1950 मध्ये कायदा केला. कामगारांनी आपली परिषद निवडायची आणि कारखान्याचा कारभार तिने पाहायचा. 1953 साली सामुदायिक शेतीची सक्तीही सोडली. जमीन शेतकऱ्याकडेच राहिली. मर्यादा 10 हेक्टर, म्हणजे सुमारे 25 एकर. 1965 च्या सुधारणांनी बाजाराला आणखी मोकळीक मिळाली.

इथेच डाव्यांत दोन तट पडले. एक म्हणे, टंचाई कशाची नि सुकाळ कशाचा, हे राजधानीतल्या कचेरीला काय कळणार? भाव बाजारात ठरू द्या, मालकी राबणाऱ्यांची ठेवा. दुसरा म्हणे, बाजार आला की चढाओढ आली. कामगारच कामगाराच्या पोटावर पाय देईल. 1986-87 साली अ‍ॅलेक नोव्ह आणि अर्नेस्ट मँडेल यांचा याच मुद्द्यावरचा लेखी वाद गाजला. नोव्ह बाजाराच्या बाजूचे, मँडेल नियोजनाच्या.

अनुभवाने दोघांनाही पुरावा दिला. उद्योग वाढले, राहणी सुधारली. पण स्लोव्हेनिया पुढे गेला, कोसोव्हो मागे राहिला. लाखो माणसे पोटासाठी पश्चिम जर्मनीला गेली. 1980 नंतर कर्ज नि महागाईने कंबर मोडली आणि 1991 पासून देशच फुटला. फुटीला इतरही कारणे होती, सारा दोष कामगार परिषदांवर टाकणे बरे नव्हे.

आपल्याकडे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला. तिथे मालक झाला ऊस पिकवणारा सभासद. यंत्रावरचा कामगार आणि कोयता चालवणारा ऊसतोड मजूर मात्र मजूरच राहिले. आबांचा प्रश्न खरा त्यांचा आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

मी आबांना एवढेच म्हणालो, "मालकी मिळाली तरी ताळेबंद वाचणारा नि सभेत उभा राहणारा मालक हवा."

आबा हसले, "म्हणजे सातबाऱ्यावर नाव असून भागत नाही. बांधावर जावं लागतं."

तेव्हा बंधुभगिनींनो, वार्षिक सभेचा अहवाल घरी आला की तो घडी न मोडता फडताळात टाकू नका. घरातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. आणि तोडणीच्या मजुरीचा आकडा कोणत्या पानावर आहे, तेही पाहा.