झंजीरच्या नाकातील पदार्थविज्ञान

देवघरातील कापराची वडी उघडी ठेवली, तर काही दिवसांत ती दिसेनाशी होते. ती वितळत नाही. तिचे सरळ बाष्प होते. त्या बाष्पाचे रेणू नाकात शिरले, की आपण म्हणतो, कापराचा वास आला. काचेचे रेणू हवेत जवळजवळ मिसळतच नाहीत, म्हणून काचेला वास नाही. मग ज्या पदार्थाचे रेणू हवेत नाममात्रच मिसळतात, असा चोरून आणलेला पदार्थ नाकाने शोधता येईल काय?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईने १९९३ साली पाहिले.

त्या वर्षी फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर आर.डी.एक्स. हे स्फोटक चोरून उतरवण्यात आले. १२ मार्च रोजी मुंबईत एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसे प्राणास मुकली. परंतु सगळा माल त्या दिवशी वापरला गेला नव्हता. उरलेला शोधण्याच्या कामी मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील झंजीर हा सोनेरी लॅब्रॅडॉर कुत्रा आघाडीवर होता. पुण्यात शिकून आलेला हा कुत्रा तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचा होता! १५ मार्च रोजी त्याने धनजी स्ट्रीटवरील एका स्कूटरमधील स्फोटके ओळखली. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आर.डी.एक्स., ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसे यांची नोंद आहे.

थोडे गणित

आर.डी.एक्स. बंद डब्यात ठेवले, तर २५ अंश सेल्सिअस तापमानाला डब्यातील हवेच्या दर एक लाख कोटी रेणूंमागे त्याचे सुमारे पाच रेणू असतात. म्हणजे काहीच नाही, असे तुम्ही म्हणाल. पण एक घन सेंटिमीटर हवेत किती रेणू असतात? २५ वर १८ शून्ये! आता त्रैराशिक मांडा. त्या एक घन सेंटिमीटरमध्ये आर.डी.एक्स.चे १२ कोटींहून अधिक रेणू निघतात. अर्थात डब्याबाहेर ते विरळ होत जातात.

झंजीरच्या मदतीला आणखी एक गोष्ट असते. आर.डी.एक्स. शुद्ध करताना सायक्लोहेक्झॅनोन नावाचा द्रव वापरतात. त्याचा अंश मागे राहतो, आणि तो कितीतरी अधिक सहज उडतो. स्फोटक मऊ करण्यासाठी घातलेल्या पदार्थांनाही स्वतःचा वास असतो. कुत्रा बहुधा या सोबत्यांच्या वासावरूनच मुख्य आरोपी पकडतो. हे ध्यानी घेऊन १९९१ साली माँट्रिअल येथे करार झाला, की कारखान्यांनी अशा स्फोटकांत सहज उडणारा एखादा पदार्थ खूण म्हणून मुद्दाम मिसळावा.

हुंगण्याची रीत

वास घेणाऱ्या पेशी आपल्या नाकात ५०-६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या घरात असतात. तरी केवळ पेशींच्या संख्येने काम भागत नाही. कुत्रा सेकंदाला सुमारे पाच वेळा हुंगतो. आत घेतलेल्या हवेचा जवळजवळ आठवा भाग वेगळ्या वाटेने वास ओळखणाऱ्या कप्प्यात जातो. उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून मागच्या दिशेला निघतो, त्यामुळे समोरच्या ताज्या हवेत तो मिसळत नाही. उलट तो झोत आसपासची हवा ओढून घेतो, आणि समोरची नवी हवा नाकाकडे सरकते. एस.टी. सुसाट गेली की रस्त्यावरचा पाचोळा तिच्यामागे ओढला जातो, तो पाहिला आहे ना? वाहत्या हवेचाच हा गुण.

आता आमच्या यवतमाळच्या उन्हाळ्याचा विचार करा. तापमान २५ वरून ४५ अंशांवर गेले, तर आर.डी.एक्स.चा बाष्पदाब दहापटीहून अधिक वाढतो. मग कुत्र्याचे काम सोपे व्हायला हवे! पण होते उलट. कुत्रा अंग थंड ठेवण्यासाठी तोंडाने धापा टाकतो, आणि धापा टाकताना हुंगणे कमी होते. म्हणून श्वानपथकाला सावली, पाणी आणि विश्रांती द्यावीच लागते.

असे नाक कुत्र्यालाच असते, असेही नाही. जर्मनीत हिल्डेसहाइम येथील पोलिसांकडे १९८० च्या दशकात लुईझ नावाची रानडुकरीण मादक पदार्थ हुंगून काढीत असे.

झंजीर १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने मरण पावला. पोलिसांनी त्याला मानवंदना दिली.

एक गोष्ट मात्र विसरू नये. तो माल फेब्रुवारीत किनाऱ्यावर उतरला, तेव्हा तो अडवायला माणसे नेमलेली होती. काही सीमाशुल्क अधिकारी व पोलीस यांना पुढे न्यायालयाने या प्रकरणी दोषी ठरवले. झंजीरला बोलावले गेले ते १२ मार्चनंतर. त्याच्या नाकाने पुढचे बळी वाचवले. पण वाटेवर उभी असलेली माणसे प्रामाणिक असती, तर ते २५७ जणही वाचले असते.