गनावा ऐकलंय का कधी?

मोरोक्कोच्या एसाउइरा या बंदरगावात १९९८ पासून गनावा संगीताचा महोत्सव भरतो. सहारापलीकडून, पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी जपलेलं हे संगीत. २०१९ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

मैफल पेलते ती गेंब्री. लाकूड कोरून केलेला लांबट खोका, वर उंटाचं कातडं, आतड्याच्या तीन तारा. वादक (त्यांचा उस्ताद म्हणजे 'मालेम') तार छेडता छेडता बोटांनी कातड्यावर थापही देतो, म्हणजे खर्ज आणि ताल एकाच हातात! भोवती बाकीचे करकेब, म्हणजे लोखंडी चिपळ्या, खणखणवतात. लय तीनची की चारची, हे ठरवेपर्यंत आपण डोलायला लागलेलो असतो.

खरं तर हे स्टेजचं संगीतच नव्हे. मूळचा विधी 'लीला', आपल्या जागरणासारखा रात्रभर चालणारा. तासाभराच्या कार्यक्रमात त्याची चुणूकच मिळते, हे माझं स्पष्ट मत.

सुरुवात मालेम महमूद गिनिया आणि सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स यांच्या १९९४ च्या 'द ट्रान्स ऑफ सेव्हन कलर्स' या अल्बमपासून करा. आणि कृपा करून हेडफोन लावा, मोबाइलच्या स्पीकरवर गेंब्री ऐकूच येत नाही.