कोळसा, कूपन आणि घराचा हिशेब

अमेरिकेत कुठे राहणं स्वस्त पडतं याची कोष्टकं दरवर्षी निघतात. त्यांत सगळ्यात वजनदार रकाना घराच्या किमतीचा असतो. त्या रकान्यापुरतं बोलायचं तर वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाची मॅकडॉवेल काउंटी देशातल्या अगदी स्वस्त मुलखांत मोडते. मोठ्या शहरात जेवढ्या पैशांत बरी मोटार येते, तेवढ्यात इथे राहतं घर मिळू शकतं. तरीही १९५० साली ९८,८८७ लोकवस्ती असलेल्या या काउंटीत २०२० च्या जनगणनेत १९,१११ माणसं उरली होती. सत्तर वर्षांत लोकसंख्येचा पाचवा हिस्साही राहिला नाही. राहणं इतकं स्वस्त असताना माणसं का गेली आणि मागे राहिलेल्यांचं घर कशावर चाललं, हे समजून घ्यायचं तर तिथल्या घरांचा जमाखर्चच पाहावा लागतो.

ही काउंटी म्हणजे उभे डोंगर आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या घळी. १८८० च्या दशकात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे या भागात शिरली आणि पोकाहोंटास नावाने ओळखला जाणारा उत्तम प्रतीचा कोळसा बाहेर पडू लागला. पोलाद भट्ट्यांना लागणारा कोक या कोळशापासून फार चांगला होतो. खाणी काढणाऱ्या कंपन्यांनी खाणीच्या तोंडाशी वस्त्या बांधल्या. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, पाण्याची टाकीसुद्धा कंपनीची. दक्षिणेतल्या राज्यांतून कृष्णवर्णीय मजूर आले, इटली आणि हंगेरीतून माणसं आली. डोंगरातले मूळ शेतकरीही जमीन विकून खाणीत उतरले.

त्या काळातल्या खाणकामगाराची पगाराची चिठ्ठी पाहिली की घरखर्च म्हणजे काय होता ते कळतं. डाव्या बाजूला त्याने किती टन कोळसा भरला त्याची मजुरी. उजव्या बाजूला कपाती: घरभाडं, चुलीसाठीचा कोळसा, डॉक्टरची वर्गणी, सुरुंगाची दारू, हत्यारांना धार लावण्याचे पैसे, दिव्याचे पैसे, आणि शेवटी कंपनीच्या दुकानाची उधारी. बेरीज-वजाबाकी करून खालच्या ओळीत पुष्कळदा काहीच उरत नसे. मधल्या आठवड्यात पैसे लागले तर रोख डॉलर मिळत नसत. कंपनीचं नाणं मिळे, पितळेचं किंवा तांब्याचं. त्याला स्क्रिप म्हणत आणि ते कंपनीच्या दुकानातच पुरतं चाले. म्हणजे माणूस कमवत होता, पण त्या कमाईचा मालक होत नव्हता.

संघटना बांधू पाहणाऱ्यांना इथे काय भोगावं लागलं, याची साक्ष काउंटीचं मुख्य ठिकाण असलेल्या वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्या देतात. १ ऑगस्ट १९२१ रोजी खाणकामगारांच्या बाजूने उभा राहिलेला पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड आणि त्याचा मित्र एड चेंबर्स यांना त्याच पायऱ्यांवर गोळ्या घातल्या गेल्या. युनियनला या भागात पाय रोवता आले ते १९३३ नंतर, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या कारकिर्दीत. मग मात्र चित्र झपाट्याने पालटलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलादाची भूक अफाट होती. मजुरी वाढली, रोखीत मिळू लागली आणि शनिवारी वेल्चच्या अरुंद रस्त्यांवर गाड्या मावेनाशा झाल्या. १९४१ साली या छोट्या शहराच्या नगरपालिकेने गाड्या ठेवायला चक्क बहुमजली इमारत बांधली. याच काउंटीतल्या कीस्टोनच्या मिनी बकिंगहॅम हार्पर १९२८ मध्येच राज्याच्या विधिमंडळात गेल्या होत्या. अमेरिकेतल्या कुठल्याही विधिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. वर्णभेदाच्या त्या काळात मॅकडॉवेलमधल्या कृष्णवर्णीय कामगाराला मताचा अधिकार होता आणि हातात मजुरी होती, म्हणून हे घडू शकलं.

याच भरभराटीच्या दिवसांत आणि त्यानंतरच्या वर्षांत एक गोष्ट घडली, जिच्याकडे मला वाटतं पुरेसं लक्ष दिलं गेलेलं नाही. कंपन्यांनी वस्त्यांमधली घरं विकायला काढली. युद्धानंतर कामगारांकडे गाड्या आल्या होत्या, घरांची डागडुजी ही कंपनीला कटकट झाली होती. ज्या घराचं भाडं बापाने आयुष्यभर भरलं, ते घर मुलाने थोडक्यात विकत घेतलं. केवढा आनंद झाला असेल! आजही या काउंटीत स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. पण घराभोवतीचा डोंगर, त्याखालचा कोळसा आणि सपाट जमिनीचे मोक्याचे तुकडे बाहेरच्या जमीनमालक कंपन्यांकडेच राहिले. कामगाराच्या वाट्याला लाकडी घर आलं, आणि त्याच सुमारास त्या घराला किंमत देणारं काम आटू लागलं.

१९५० साली युनियनचे नेते जॉन एल. लुईस यांनी खाणमालकांशी मोठा करार केला. मजुरी चांगली मिळेल, दर टनामागे ठरावीक रक्कम कामगारांच्या आरोग्य आणि निवृत्ती निधीत जाईल, आणि त्या बदल्यात युनियन यंत्रांना अडवणार नाही. लुईस यांचा हिशेब चुकीचा होता असं म्हणवत नाही. कमी माणसं, पण धड पगारावरची, हे त्यांनी जाणूनबुजून पत्करलं होतं. जे उरले त्यांना आजारपणात आधार मिळाला. पण कोळसा कापून थेट पट्ट्यावर टाकणारं यंत्र एकदा खाणीत शिरलं की डझनभर माणसांची गरज संपत होती. १९६० च्या जनगणनेत काउंटी ७१,३५९ वर आली. डेट्रॉइट, क्लीव्हलंड, नॉर्थ कॅरोलायना अशा वाटांनी तरुण निघून गेले. घर विकून निघावं तर घेणारा कोण? शेजारीही निघण्याच्याच बेतात होता.

१९६० च्या मे महिन्यात वेस्ट व्हर्जिनियात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारीची निवडणूक झाली. जॉन केनेडी या कोळसा-पट्ट्यात फिरले आणि जे पाहिलं ते विसरले नाहीत. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर पहिल्याच दिवसांत त्यांनी गरजू घरांना मिळणारं सरकारी धान्य वाढवलं, आणि २९ मे १९६१ रोजी नव्या योजनेतली पहिली अन्नकूपनं वेल्चमध्ये दिली गेली. पंधरा माणसांच्या एका कुटुंबाने ९५ डॉलरची कूपनं घेतली. त्यांतून घेतलेली पहिली वस्तू होती पोर्क अँड बीन्सचा डबा.

त्या कूपनांची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. ती फुकट नव्हती. कुटुंब एरवी अन्नावर जेवढा खर्च करत असेल असं धरलं जाई, तेवढी रोख आधी भरायची आणि त्या बदल्यात जास्त किमतीची कूपनं घ्यायची. वरचा फरक ही सरकारची मदत. हेतू चांगला होता, की मदतीमुळे घरचा अन्नखर्च खरोखर वाढावा. पण ज्याच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला रोखच नाही, त्याला मदत घेण्यासाठीच पैसे उसने घ्यावे लागत. सर्वांत गरीब माणूस दारातच अडे. ही अट कायद्यातून जायला १९७७ साल उजाडलं आणि प्रत्यक्षात ती १९७९ मध्ये उठली. मॅकडॉवेलसारख्या ठिकाणी योजना पहिल्यांदा आली, तिथेच तिची उणीव उघड दिसत होती. तरीही दुरुस्तीला जवळपास दोन दशकं लागली, हे मला आजही सलतं.

१९७० चं दशक मात्र वेगळं गेलं. १९६८ मध्ये याच राज्यातल्या फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार दगावले. पुढच्या वर्षी वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकामगारांनी कोळशाच्या धुळीने होणाऱ्या काळ्या फुप्फुसाच्या आजाराची भरपाई मागत संप केला. १९६९ च्या केंद्रीय कायद्याने ती भरपाई दिली आणि अनेक घरांत दरमहा एक निश्चित रक्कम येऊ लागली. १९७३ नंतर तेल महागलं, कोळशाला पुन्हा भाव आला. १९७० मध्ये ५०,६६६ असलेली वस्ती १९८० मध्ये ४९,८९९ होती, म्हणजे गळती जवळजवळ थांबली होती. हे दशक मला महत्त्वाचं वाटतं. डोंगरातली माणसं आळशी आहेत, म्हणून गरीब आहेत, असं तेव्हाही बोललं जाई आणि आताही बोललं जातं. काम होतं तेव्हा ती माणसं राहिली आणि राबली, एवढं हे आकडे सांगतात.

मग अमेरिकेचा पोलाद उद्योगच ढासळला. यूएस स्टीलने विसाव्या शतकाच्या आरंभी गॅरी हे गाव वसवलं होतं, आणि काउंटीचा मोठा हिस्सा त्या एका कंपनीच्या पगारावर उभा होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कामगारकपात सुरू झाली आणि १९८६ मध्ये कंपनीने तिथला गाशा गुंडाळला. १९९० च्या जनगणनेत ३५,२३३ माणसं होती. त्यापुढचा उतार थांबलाच नाही.

आज इथल्या घरात पैसा कुठून येतो? आजोबांचं सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी पेन्शन, कुणाचा अपंगत्वाचा भत्ता, कुणाची फुप्फुसाच्या आजाराची भरपाई, पूर्वी कागदी कूपन असलेलं आणि आता कार्डावर जमा होणारं अन्नसाहाय्य. शाळा, दवाखाना, २०१० मध्ये सुरू झालेला केंद्रीय तुरुंग आणि उरलेल्या खाणी इथे नोकऱ्या आहेत, पण थोड्या. कुटुंबाचं मध्यम उत्पन्न देशाच्या निम्म्यालाही पोहोचत नाही आणि साधारण तीनांतला एक माणूस दारिद्र्यरेषेखाली आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुकानांत गर्दी असते, शेवटच्या आठवड्यात अन्नपेढ्यांच्या दारात.

खर्चाची बाजू कोष्टकांत नीट दिसतच नाही. पाण्याचंच घ्या. नळयोजना कोळसा कंपन्यांनी आपल्या वस्त्यांपुरत्या घातल्या होत्या. कंपन्या गेल्या, नळ सडत राहिले. काही गावांत पाणी उकळून प्या ही सूचना वर्षानुवर्षं उठली नाही. लोक रस्त्याकडेच्या झऱ्यावर गाडी थांबवून कॅन भरून नेतात, नाहीतर बाटलीबंद पाणी विकत घेतात. ज्या घराला जवळपास भाडं नाही, त्या घरात पिण्याच्या पाण्यासाठी पेट्रोल जाळावं लागतं. सांडपाण्याची नळी थेट ओढ्यात सोडलेली घरंही आहेत, कारण कपारीत टाकी पुरायला जागा नाही आणि असली तर तिचा खर्च घराच्या किमतीशी स्पर्धा करतो.

किंबल गावात वॉलमार्टचं मोठं दुकान होतं. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने जगभरातली २६९ दुकानं बंद करायचं ठरवलं, त्यात हेही गेलं. एक दुकान जाण्याने असं काय मोठं होतं, असं वाटू शकेल. पण ताजी भाजी तिथे होती, औषधं तिथे होती, थोड्या का होईना नोकऱ्या तिथे होत्या आणि उरलेलं अन्न किंबलच्या ‘फाइव्ह लोव्ह्ज अँड टू फिशेस’ या अन्नपेढीला मिळत होतं. हे सगळं एकदम थांबलं. काउंटीतून आंतरराज्य महामार्ग जात नाही. दुसऱ्या मोठ्या दुकानापर्यंतचा वळणावळणाचा प्रवास जाऊन-येऊन काही तासांचा होतो. गाडी नसलेली म्हातारी शेजाऱ्याला पेट्रोलचे पैसे देऊन जाते. तो खर्च ‘राहणीमान स्वस्त’ म्हणणाऱ्या तक्त्यात कुठेच लिहिलेला नसतो.

सगळ्यात जड किंमत आयुष्याची आहे. काही वर्षांपूर्वीच्या गणनेत मॅकडॉवेलमधल्या पुरुषाचं सरासरी आयुर्मान ६४ वर्षांच्या आसपास होतं. वॉशिंग्टनजवळच्या श्रीमंत फेअरफॅक्स काउंटीत ते ८२ च्या घरात होतं. गाडीने एका दिवसात गाठता येणाऱ्या दोन काउंट्यांत अठरा वर्षांचं अंतर! खाणीतल्या दुखण्यांवर मिळालेल्या वेदनाशामक गोळ्यांतून व्यसनाची जी लाट आली, तिने मधली पिढीच पोखरली. असंख्य घरांत आता नातवंडं आजी-आजोबांच्या पदरी आहेत. म्हणजे एका सोशल सिक्युरिटीच्या रकमेवर शाळेचे बूट आणि दप्तरही आलं. या आज्यांबद्दल मला आदर वाटतो. सरकारी हिशेबात त्या निवृत्त आहेत, आणि त्यांनी दुसरा संसार उभा केला आहे.

सावरण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २००१ मध्ये राज्याने इथल्या शाळा आपल्या ताब्यात घेतल्या, त्या २०१३ मध्ये परत दिल्या. २०११ मध्ये शिक्षक संघटनेच्या पुढाकाराने ‘रीकनेक्टिंग मॅकडॉवेल’ हा उपक्रम सुरू झाला. तिथे एक वेगळीच अडचण पुढे आली: शिक्षक यायला तयार होते, पण राहायला धड भाड्याचं घर नव्हतं. घरं ओस पडलेल्या काउंटीत घरांची टंचाई! रिकामी घरं गळकी आणि मोडकी, आणि कित्येकांचे कागद तीन पिढ्यांपूर्वीच्या माणसाच्या नावावर. अखेर वेल्चमध्ये शिक्षकांसाठी नवी इमारत उभी करावी लागली. जुन्या खाणवाटांवर चारचाकी बाइक घेऊन येणाऱ्या पर्यटकांमुळेही थोडे पैसे फिरू लागले आहेत. कोकसाठीचा कोळसा अजून निघतो. अशा अमेरिकी कोळशाचं भारत हे मोठं गिऱ्हाईक आहे, त्यामुळे आपल्याकडच्या पोलाद भट्ट्यांची मागणी वरखाली झाली की अ‍ॅपलाचिया या डोंगरपट्ट्यातल्या खाणींच्या पाळ्यांवर परिणाम होतो.

२००१ आणि २००२ मध्ये लागोपाठ पूर आले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा आला आणि माणसं दगावली. घळीत सपाट जागा ओढ्याकाठीच आहे, म्हणून घरंही तिथेच. पुरात बुडालेलं घर सरकारने विकत घ्यायचं ठरवलं, तर रक्कम बाजारभावावर ठरते, आणि इथला भाव तर अगदीच कमी. त्या रकमेत दुसरीकडे घर येत नाही, म्हणून माणसं चिखल काढून त्याच घरात परत जातात.

त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने अन्नसाहाय्याचा कायदा बदलला. धडधाकट प्रौढांना महिन्याला ८० तास कामाची किंवा प्रशिक्षणाची अट पूर्वी ५४ वर्षांपर्यंत होती, ती ६४ पर्यंत नेली. लहान मुलं सांभाळणाऱ्यांना मिळणारी सूटही मूल चौदा वर्षांचं होईपर्यंतच राहिली. जिथे नोकरीच नाही, तिथल्या साठीच्या माणसाने हे तास कुठे भरायचे? खांद्यावर चौदा-पंधरा वर्षांचा नातू असलेल्या आजीने ते कसे भरायचे? शिवाय २०२८ च्या आर्थिक वर्षापासून साहाय्याच्या रकमेतला काही वाटा राज्यांवर पडू शकतो. राज्याने चुकीची वाटपं किती केली, यावर तो ठरेल. वेस्ट व्हर्जिनियाच्या तिजोरीवर तो भार आला, तर राजधानी चार्ल्सटनमधल्या विधिमंडळाला कुठल्या तरी खर्चाला कात्री लावावी लागेल, आणि मॅकडॉवेलमध्ये तर शाळा, रस्ता, पाणी आणि दवाखाना यांतलं काहीच जास्तीचं नाही.