पाच तारखेच्या आत

31 मार्च 2021च्या संध्याकाळी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने अल्पबचत योजनांचे नवे व्याजदर जाहीर केले. पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा दर 7.1 टक्क्यांवरून थेट 6.4 टक्क्यांवर आणला होता. रात्रभर दूरचित्रवाणीवर तीच चर्चा चालली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी आदेश नजरचुकीने निघाल्याचं सांगून तो मागे घेतला. त्याआधी 2016च्या अर्थसंकल्पातही असंच घडलं होतं. नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीतून निवृत्तीच्या वेळी काढलेल्या पैशांपैकी 60 टक्क्यांवर कर बसवण्याचा प्रस्ताव तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी मांडला आणि पगारदारांचा संताप पाहून 8 मार्चला तो सोडूनही दिला.

मध्यमवर्गाला करमुक्त बचतीचं मोल किती वाटतं, हे या दोन माघारींवरून कळतं. गंमतीची नव्हे, काळजीची गोष्ट अशी की ज्या खात्यासाठी एवढा आवाज उठतो, ते वापरण्याची रीत मात्र बहुतेक घरांत तोट्याची आहे. फेब्रुवारीत कार्यालयातून गुंतवणुकीचे पुरावे मागितले जातात, मार्चमध्ये धावपळ होते, कसेबसे पैसे भरले जातात, पावती जोडली जाते आणि पुढचे अकरा महिने पासबुक कपाटात राहतं. पीपीएफ ही कर वाचवण्याची पावती झाली. ते खरं तर काळाच्या जोरावर चालणारं खातं आहे आणि काळ कसा मोजायचा याचे त्याचे स्वतःचे नियम आहेत.

1 जुलै 1968 रोजी ही योजना सुरू झाली, तेव्हा डोळ्यांसमोर होते ते मालकाकडून भविष्य निर्वाह निधी न मिळणारे लोक: दुकानदार, वकील, डॉक्टर, छोटे व्यावसायिक. पहिल्या वर्षी व्याज 4.8 टक्के होतं. 1986पासून जानेवारी 2000पर्यंत ते 12 टक्के राहिलं आणि आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीच्या मनात पीपीएफ म्हणजे तोच आकडा आहे. त्या दराने पैसे सहा वर्षांत दुप्पट होत. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महागाईही दोन आकडी होती, हे त्या आठवणीतून सहसा गळतं. पुढे दर उतरत गेला. श्यामला गोपीनाथ समितीच्या शिफारशीनंतर अल्पबचतीचे दर सरकारी रोख्यांच्या परताव्याशी जोडले गेले आणि एप्रिल 2016पासून दर तिमाहीला त्यांचा फेरविचार होतो. एप्रिल 2020मध्ये ठरलेला 7.1 टक्के हा दर त्यानंतर वर्षानुवर्षं जागचा हललेला नाही.

आता मुख्य नियम. पीपीएफचं व्याज वर्षअखेरीस, 31 मार्चला जमा होतं, पण मोजलं जातं महिन्यामहिन्याला. महिन्याच्या पाच तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज मिळतं. सहा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज शून्य. चेक देणाऱ्यांनी तर तो वटायला लागणारे दिवसही धरायला हवेत. म्हणून वर्षाचे सगळे पैसे एकदम भरता येत असतील, तर ते 1 ते 5 एप्रिलच्या दरम्यान भरावेत. आकडे पाहिले की या चार-पाच दिवसांचं वजन कळतं. दरवर्षी दीड लाख रुपये एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत भरले आणि दर 7.1 टक्केच राहिला, तर पंधरा वर्षांत सुमारे 40 लाख 68 हजार रुपये होतात. तीच रक्कम दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भरली, तर होतात सुमारे 37 लाख 98 हजार. एक पैसाही जास्त न भरता दोन लाख 70 हजारांचा फरक पडतो, आणि तो फरकही पूर्ण करमुक्त.

एवढी रक्कम एकदम कुणाकडे असते, हा रास्त प्रश्न आहे. दरमहा भरणाऱ्यांनी पगार झाल्या झाल्या, पाच तारखेच्या आत पैसे वळते होतील अशी बँकेला कायमची सूचना देऊन ठेवावी. महिन्याला हजार रुपये असे वळवले तर पंधरा वर्षांत भरलेल्या 1 लाख 80 हजारांचे सुमारे 3 लाख 15 हजार होतात. वर्षाला किमान 500 रुपये भरले नाहीत तर खातं बंद पडलेलं धरलं जातं. थकलेल्या प्रत्येक वर्षाचे 500 आणि 50 रुपये दंड भरून ते पुन्हा चालू करता येतं, म्हणून जुनं पासबुक सापडलं तर ते रद्दीत टाकू नये.

नव्या करप्रणालीने पीपीएफबाबत सगळ्यांत मोठा गोंधळ घातला आहे. 2023-24पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, तिच्यात पीपीएफ भरल्यावर मिळणारी 80सी कलमाची वजावट नाही आणि 2025च्या अर्थसंकल्पाने तर 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावरचा कर सवलतीने शून्यावर आणला. मग पीपीएफ कशाला भरायचं, असं म्हणून अनेकांनी हात आखडता घेतला. पण वजावट गेली म्हणजे करमुक्ती गेली, असं नाही. पीपीएफचं व्याज आणि मुदतपूर्तीची रक्कम दोन्ही प्रणालींत करमुक्त आहेत. 30 टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून 31.2 टक्के कर भरणाऱ्याला हातात 7.1 टक्के उरण्यासाठी मुदत ठेवीवर 10.3 टक्के व्याज मिळायला हवं. सरकारी हमीसह असा दर आज कुठेही नाही.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्याला मुळात करच लागत नाही, त्याच्यासाठी मुदत ठेवीचं व्याजही व्यवहारात करमुक्तच ठरतं. अशा माणसाने केवळ करासाठी पंधरा वर्षं पैसे अडकवण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी पीपीएफचे गुण वेगळे आहेत आणि ते कमी मोलाचे नाहीत. एक म्हणजे सुरक्षितता. सप्टेंबर 2019मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. पुण्याची रुपी बँक वर्षानुवर्षं निर्बंधांखाली राहिली आणि 2022मध्ये तिचा परवानाच रद्द झाला. ठेवींचं विमा संरक्षण 2020मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेलं खरं, पण पीपीएफमधल्या प्रत्येक रुपयामागे केंद्र सरकार उभं असतं. दुसरा गुण म्हणजे या खात्यातली शिल्लक न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेही जप्त होत नाही. धंद्यात चढउतार सोसणाऱ्या व्यापाऱ्याला, ज्याच्याकडे नोकरीच्या फंडातली शिल्लक कधी नव्हतीच, त्याला याचा अर्थ नीट कळतो.

पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाख भरण्याची मर्यादा माणशी आहे, घराची नाही. नवरा-बायको दोघांची स्वतंत्र खाती असतील तर वर्षाला तीन लाख रुपये करमुक्त छत्राखाली जातात. पत्नीला स्वतःचं उत्पन्न नसेल आणि पतीने दिलेले पैसे तिने भरले, तरी व्याज मुळातच करमुक्त असल्यामुळे पतीच्या करात काही भर पडत नाही. अज्ञान मुलाच्या नावावर खातं उघडता येतं, पण पालकाचं आणि त्या मुलाचं मिळून दीड लाखाचीच मर्यादा लागते. एकाच माणसाची दोन खातीही चालत नाहीत. एक पोस्टात, एक बँकेत असं करून ठेवलेल्यांना नंतर व्याजावर पाणी सोडावं लागतं.

मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर तिच्यासाठी सुकन्या समृद्धी खातं आधी. 22 जानेवारी 2015 रोजी पानिपत येथे सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला किमान 250 आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. 2024च्या सुरुवातीपासून तिचा दर 8.2 टक्के आहे. पैसे पंधरा वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पुरं होतं. शेवटची सहा वर्षं पैसे न भरता शिल्लक नुसती वाढत जाते, आणि खरी कमाई त्याच वर्षांत होते: दर एप्रिलला 12 हजार भरले आणि हाच दर टिकला, तर भरलेल्या 1 लाख 80 हजारांचे शेवटी पावणेसहा लाखांच्या आसपास होतात. मुलीच्या अठराव्या वर्षानंतर किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी शिल्लक काढता येते. शिक्षणाच्या नावाने सोनं किंवा एजंटाने गळ्यात मारलेली विमा पॉलिसी घेण्यापेक्षा हे खातं कितीतरी सरस आहे.

पगारदारांकडे आणखी एक दार आहे: स्वेच्छेने भविष्य निर्वाह निधीत जास्त रक्कम भरणं. 2023-24 आणि 2024-25 या दोन्ही वर्षांसाठी त्यावर 8.25 टक्के व्याज मिळालं. मात्र एप्रिल 2021पासून कर्मचाऱ्याची स्वतःची वर्षाची भर अडीच लाखांच्या वर गेली, तर वरच्या रकमेचं व्याज करपात्र होतं. याखेरीज शेअर आणि इक्विटी फंडांतल्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमाफी आहे, ही सवलत दरवर्षी वापरली नाही तर वाया जाते.

पीपीएफच्या पंधरा वर्षांच्या मुदतीचा हिशेबही नीट समजून घ्यायला हवा. खातं ज्या आर्थिक वर्षात उघडलं, ते वर्ष संपल्यापासून पंधरा वर्षं मोजतात. मे 2010मध्ये उघडलेलं खातं 31 मार्च 2026 रोजी पुरं होतं. म्हणून कमाई सुरू होताच, पाचशे रुपये भरून का होईना, खातं उघडून ठेवावं. मधल्या काळात पैसे पूर्ण अडकतात असंही नाही. तिसऱ्या वर्षापासून कर्ज मिळतं आणि सातव्या आर्थिक वर्षापासून ठराविक भाग काढता येतो.

मुदत संपली की बहुतेक जण पैसे काढून मोकळे होतात. खातं खऱ्या अर्थाने हाताशी येतं ते तेव्हाच. काहीही न करता ते तसंच ठेवलं तरी व्याज चालू राहतं आणि वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. 40 लाख शिल्लक असलेल्या निवृत्त माणसाने मुद्दलाला हात न लावता दरवर्षी व्याज काढलं, तर 2 लाख 84 हजार रुपये, म्हणजे महिन्याला साडेतेवीस हजारांहून अधिक, करमुक्त मिळतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा 8.2 टक्के दर वरचा आहे, पण ते व्याज करपात्र असतं. पुढेही पैसे भरत राहायचे असतील, तर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत तसा अर्ज देऊन पाच-पाच वर्षांची वाढ घ्यावी लागते. अर्ज न देता भरलेल्या पैशावर व्याज मिळत नाही.

परदेशी गेलेल्या मुलांच्या बाबतीत अनेक पालकांची समजूत चुकीची असते. अनिवासी भारतीयाला नवं पीपीएफ उघडता येत नाही. आधीचं खातं मुदतीपर्यंत चालवता येतं, वाढवता येत नाही. कॅनडा किंवा अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाला तिथल्या सरकारला जगभरचं उत्पन्न सांगावं लागतं, त्यामुळे भारतातली करमुक्ती तिथे चालत नाही. टोरांटोत राहणाऱ्याने त्यापेक्षा तिथलं 2009मध्ये सुरू झालेलं टीएफएसए, म्हणजे करमुक्त बचत खातं पाहावं. त्यात न वापरलेली मर्यादा पुढच्या वर्षांत जमा होत जाते आणि काढलेली रक्कम पुढच्या वर्षी पुन्हा भरता येते.

भारतात ही मुभा नाही. वर्षात दीड लाख भरले नाहीत तर ती जागा कायमची जाते. आणि दीड लाखाची ही मर्यादासुद्धा ऑगस्ट 2014पासून तशीच आहे. त्याआधी 2011मध्ये 70 हजारांवरून एक लाख आणि तीनच वर्षांत दीड लाख झालेली मर्यादा एका दशकाहून अधिक काळ न हलणं हा बचत करणाऱ्यांवर अन्याय आहे. ती वाढवण्याची मागणी दर अर्थसंकल्पाआधी व्हायला हवी, आणि तितक्याच नेटाने, जितक्या नेटाने 2016 आणि 2021मध्ये पगारदार बोलले होते.